साखर पाण्यात ४४० वर्षं टिकते, मग तोडलेल्या उसाचा उतारा दोन दिवसांत का घसरतो?

केतकीवन (धागाकर्ती)

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या भागात दोनच प्रश्न विचारले जातात: ऊस तुटला कधी, आणि गव्हाणीत (कारखान्यात ऊस गाळपाला टाकतात तिथे) पडला कधी? या दोहोंमधलं अंतर चोवीस तासांच्या आत राहावं म्हणून शेतकरी, टोळी, ट्रॅक्टरवाला, चिटबॉय (तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस) सगळे आटापिटा करतात. शिळ्या उसाचं वजन घटतं यात नवल नाही, पाणी उडून जातं. पण नुसतं पाणीच उडालं असतं तर रस दाट झाला असता आणि टनामागे साखर जास्त निघाली असती. घडतं उलटं. उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, घसरतो.

मग साखर जाते कुठे? बीएस्सीच्या वर्गात या प्रश्नावर मी बराच वेळ घालवते. एन्झाइम नेमकं काय करतं हे कळायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. म्हणून इथेही सविस्तर लिहितेय.

साखर म्हणजे सुक्रोज. एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज आणि दोघांना जोडणारा एक ऑक्सिजन. या जोडावर पाण्याच्या एका रेणूने घाव घातला की दोन्ही साखरा सुट्या होतात. गोडी जात नाही, पण दाणा पडायचा थांबतो. या सुट्या साखरा स्वतः तर स्फटिक होत नाहीतच, उरलेल्या सुक्रोजलाही नीट होऊ देत नाहीत. ती साखर मग मळीतून निघून जाते. शेतकऱ्याच्या आणि कारखान्याच्या दृष्टीने ती गेलीच.

आता खरी गंमत बघा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या रिचर्ड वोल्फेंडेन यांनी २००८ साली हे मोजलं की साखर साध्या, आंबट ना खारट अशा पाण्यात विरघळवून २५ अंशांवर ठेवली, जंतू लागू दिले नाहीत, तर तिच्यातली अर्धी आपोआप तुटायला किती काळ जाईल. उत्तर आलं ४४० वर्षं. अर्थात कोणी ४४० वर्षं थांबलेलं नाही. बंद नळ्या खूप तापवून निरनिराळ्या तापमानांना वेग मोजायचा आणि त्यावरून २५ अंशांचा वेग काढायचा, अशी ती पद्धत आहे. उसात पाणी आहे, साखर आहे, हवामानही थंडीतलं. तरी दोन दिवसांत फरक पडतो. कारण उसाच्या पेशीत इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम आहे.

‘एन्झाइम अभिक्रियेचा वेग वाढवतं’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलं. त्याच्याखाली कुलूप-किल्लीचं चित्र असायचं. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये मांडलेली ही कल्पना थोरच आहे, आणि कोणतं एन्झाइम कोणत्या पदार्थाला हात लावेल हे ती छान सांगते. पण वेग का वाढतो हे त्या चित्रात कुठेच नाही. उलट जरा विचार केला तर ते चित्र अडचणीत आणतं. साखरेचा रेणू एन्झाइमच्या खाचेत अगदी चपखल बसला, सगळीकडून छान धरला गेला, तर तो तिथे सुखाने बसून राहील. तुटेल कशाला?

हे उलगडायचं तर तुटण्याच्या क्षणाकडे नीट बघावं लागतं. जोडणारा ऑक्सिजन फ्रुक्टोजपासून सुटायचा तर त्याला एक प्रोटॉन मिळायला हवा. तो सुटू लागला की फ्रुक्टोजच्या त्या कार्बनवर धन भार येतो आणि एरवी मुडपलेलं असलेलं अणूंचं कडं तिथे सपाट होतं. धड जोडलेलं नाही, धड सुटलेलं नाही, असं हे मधलं रूप. ते सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाइतकाही वेळ टिकत नाही. रसायनशास्त्रात त्याला संक्रमण अवस्था म्हणतात. तिथवर पोचायला ऊर्जा फार लागते, कारण साध्या पाण्यात त्या रूपाला आधार द्यायला कोणी नसतं. प्रोटॉनच घ्या. शुद्ध पाण्यात साधारण ५५ कोटी रेणूंमागे एक. तो नेमका त्या ऑक्सिजनपाशी यावा, त्याच वेळी पाण्याचा रेणू नेमक्या बाजूने यावा आणि त्याच वेळी साखरेच्या रेणूला पुरेसा हिसका बसलेला असावा, हे सगळं एकदम जुळून यायला ४४० वर्षं लागतात.

इन्व्हर्टेजच्या खाचेत ही सगळी तयारी आधीच करून ठेवलेली असते. यीस्टच्या इन्व्हर्टेजमधल्या दोन जागा चांगल्या माहीत आहेत. प्रथिनाच्या साखळीत २३व्या क्रमांकावर ॲस्पार्टिक आम्ल आहे आणि २०४व्या क्रमांकावर ग्लुटामिक आम्ल. साखळी घडी घालून बसते तेव्हा हे दोघे खाचेत समोरासमोर येतात. ग्लुटामिक आम्ल जोडाच्या ऑक्सिजनला प्रोटॉन देतं, ॲस्पार्टिक आम्ल ऋण भार घेऊन फ्रुक्टोजच्या त्या कार्बनवर पलीकडून चाल करतं. ग्लुकोज सुटून बाहेर पडतं, फ्रुक्टोज क्षणभर एन्झाइमलाच चिकटून राहतं. मग पाण्याचा रेणू आत येतो. मघाशी प्रोटॉन देऊन बसलेलं ग्लुटामिक आम्ल त्याच्याकडून प्रोटॉन परत घेतं, उरलेला भाग फ्रुक्टोजला जाऊन मिळतो, फ्रुक्टोजही सुटतं. एन्झाइम पहिल्यासारखं मोकळं. असं सेकंदाला हजारोंच्या घरात.

यात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी: ही खाच साखरेच्या मापाची नाही. ती तुटत असलेल्या साखरेच्या मापाची आहे. त्या सपाट झालेल्या, धन भार आलेल्या, क्षणभंगुर रूपाला ती सर्वांत घट्ट धरते. आख्ख्या साखरेला त्या मानाने सैल धरते, आणि तुटून झालेल्या तुकड्यांनाही सैलच, म्हणून ते निघून जातात. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३० मध्ये याची चाहूल दिली होती (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात राहायला आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले), आणि लायनस पॉलिंग यांनी १९४०च्या दशकात ती स्पष्ट शब्दांत मांडली. जीवरसायनशास्त्रात इतका सुंदर विचार मला दुसरा माहीत नाही. जे रूप क्षणभरही टिकत नाही, ज्याचा फोटो काढता येत नाही, त्याच्यासाठी पेशी साचा घडवून बसली आहे.

प्रश्न विचारा, अनुभव सांगा. विशेषतः उसाशी रोजचा संबंध असलेल्यांनी लिहावं ही विनंती.

---

फडकरी

ताई, लेख दोनदा वाचला. आमच्याकडे लहानपणापासून सांगतात की ऊस खायचा तर बुडख्याकडचा खावा, शेंडा पाणचट. वाढ्याजवळची (शेंड्याच्या हिरव्या पानांलगतची) दोन-तीन पेरं तर जनावरांनाच. याचा या एन्झाइमशी काही संबंध आहे का? आणि दुसरं, उभ्या उसात हे एन्झाइम असतंच ना? मग तो बारा-चौदा महिने रानात उभा असताना साखर का तुटत नाही? तोडल्यावरच का?

---

केतकीवन

फडकरी, दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत.

शेंड्याचं आधी. उसाची वाढ शेंड्याला चालू असते. नवी पेरं घडवायला, श्वसनाला ग्लुकोज आणि फ्रुक्टोज लागतं, म्हणून तिथे इन्व्हर्टेज भरपूर असतं आणि पानांतून आलेली साखर लगेच तोडली जाते. खालची पेरं पक्व होतात तसं तिथलं इन्व्हर्टेज कमी होत जातं आणि साखर साठू लागते. ऊस पक्व होणं म्हणजे बऱ्याच अंशी हेच. तोडताना वाढं नीट खाली घेऊन छाटा, असं कारखाने सांगतात, कारण शेंड्यातल्या रसात साखर कमी, सुट्या साखरा जास्त आणि एन्झाइमही जास्त.

उभ्या पक्व उसात साखर पेशीच्या मोठ्या पोकळीत साठवलेली असते आणि तिथे हे एन्झाइम अगदी थोडं असतं. पेशी ते किती बनवायचं यावर सतत लगाम ठेवते. ऊस तोडला की मुळांकडून पाणी बंद, पानांकडून नवी साखर बंद, पण पेशी काही लगेच मरत नाहीत. त्या साठ्यावर जगू लागतात, इन्व्हर्टेजचं प्रमाण वाढतं. उष्मा असेल तर आणखी वेगाने. शिवाय कोयत्याने कापलेल्या तोंडातून जंतू शिरतात ते वेगळंच.

---

रसशाळा

मी सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. केतकीवन यांनी लिहिलेलं आम्ही रोज आकड्यांत बघतो. जंतूंबद्दल थोडी भर घालतो.

शिळ्या आणि त्यातही जळीत उसात ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू माजतो. त्याच्याकडे वेगळं एन्झाइम असतं, डेक्स्ट्रानसुक्रेज. तेही साखरेचा तोच जोड तोडतं, पण सुटलेलं ग्लुकोज मोकळं सोडत नाही, एकापुढे एक गुंफून त्याची लांब साखळी करतं. तिला डेक्स्ट्रान म्हणतात. रस बुळबुळीत होतो, गाळायला त्रास, आणि साखरेचा दाणा चौकोनी यायच्याऐवजी सुईसारखा लांबट येतो. एकाच जोडावर दोन एन्झाइमं, आणि निघणारा माल पूर्ण वेगळा!

आता कारखाना काय करतो ते. उसाचा रस मुळात आंबटसर असतो, पीएच साधारण सव्वापाच-साडेपाच. रस तापवला की इन्व्हर्टेज मरतं. सत्तर अंशांच्या पुढे त्याची घडी उलगडते, खाच राहत नाही. पण नुसता तापवून भागत नाही. आंबट रस तापवला तर एन्झाइमशिवायच, नुसत्या आम्लाने साखर तुटू लागते, आणि तापमान वाढेल तसा तो वेग भराभर वाढतो. म्हणून चुन्याचं दुधाळ पाणी सोडून पीएच सातच्या आसपास आणायचा आणि मगच रस शंभराच्या वर न्यायचा. पुढे पाकही निर्वात पॅनमध्ये कमी तापमानाला उकळतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

म्हणजे आमचं अर्धं काम या एकाच अभिक्रियेला थोपवून धरण्याचं आहे. एफआरपी (शेतकऱ्याला द्यायचा उसाचा किमान दर) उताऱ्यावर ठरते, त्यामुळे यात गेलेला प्रत्येक पॉइंट शेवटी शेतकऱ्याच्या बिलात दिसतो. आमच्याकडे वाहनांची रांग लागून ऊस अड्ड्यावर दोन-दोन दिवस पडून राहतो तेव्हा जीव तुटतो.

---

फडकरी

गुऱ्हाळावरसुद्धा चुना टाकतात आणि भेंडीचं पाणी सोडतात. शिळ्या उसाचा गूळ बसत नाही, मऊ पडतो, ढेपेला पाणी सुटतं. गुळव्या काहिलीत बघूनच सांगतो ऊस कधीचा आहे ते. आज कारण कळलं.

---

अन्नपूर्णा_डोंबिवली

गुलाबजामच्या पाकात आई लिंबाचे चार थेंब पिळायची, पाक आळून साखर धरू नये म्हणून. हीच का ती अभिक्रिया? तिथे तर एन्झाइम नाही.

---

केतकीवन

अगदी हीच. लिंबू म्हणजे प्रोटॉनचा पुरवठा. पाकात त्यांची संख्या हजारो पटींनी वाढते, म्हणून काही साखर तुटते आणि त्या सुट्या साखरांमुळे पाक दाणेदार होत नाही. पण त्यासाठी पाक उकळत ठेवावा लागतो. पेशीला उकळायची सोय नाही. उष्णतेने सगळ्याच अभिक्रियांचा वेग वाढतो, हव्या त्या आणि नको त्याही. आम्लाचंही तसंच, प्रोटॉन समोर येईल त्याला लागतो. एन्झाइम मात्र तोच प्रोटॉन, तीच रासायनिक युक्ती, एका ठरावीक रेणूच्या एका ठरावीक जोडापाशी ठेवतं, तेही खोलीच्या तापमानाला. खाचेबाहेरच्या पाण्याला त्याचा पत्ताही नसतो.

मधमाशीही हेच करते. फुलातल्या रसात बरीचशी सुक्रोज असते. माशी त्यात स्वतःचं इन्व्हर्टेज मिसळते, म्हणून मधात मुख्यत्वे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच सापडतं.

---

चकोर७

वाचतोय. उत्तम धागा.

---

जुनी_पानं

इतिहासाची थोडी भर, कारण या एका एन्झाइमवर केवढं शास्त्र उभं राहिलंय हे बघून मी थक्क झालो होतो.

१८९०: ओसुलिव्हन आणि टॉम्प्सन या ब्रिटनमधल्या बिअरच्या धंद्यातल्या रसायनतज्ज्ञांच्या लक्षात आलं की साखर सोबत असेल तर इन्व्हर्टेज एरवीपेक्षा सुमारे २५ अंश जास्त तापमान सोसतं. म्हणजे काम करताना एन्झाइम साखरेला कुठेतरी धरून असणार. अजून कोणी एन्झाइमचा रेणू पाहिलेला नाही, ते प्रथिन आहे की आणखी काही हेही ठाऊक नाही, आणि एवढ्याशा निरीक्षणावरून हा अंदाज!

१८९७: एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून त्याचा रस काढला. तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, आपण मुरांबा टिकवतो तशी. रसात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी बुडबुडे यायला लागले. आंबण्यासाठी जीव लागतोच, हा पाश्चरच्या काळापासूनचा समज तिथे संपला. १९०७चं नोबेल त्यांना यासाठी मिळालं.

१९१३: बर्लिनमध्ये लिओनोर मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनी इन्व्हर्टेजचा वेग काटेकोर मोजला. सुक्रोजचं द्रावण ध्रुवीकृत प्रकाशाला उजवीकडे वळवतं, तुटून झालेलं मिश्रण डावीकडे. किती वळलं यावरून किती साखर तुटली हे कळतं. साखर वाढवत नेली तर वेग आधी वाढतो, मग एका पातळीला जाऊन थांबतो. त्यावरून त्यांनी मांडलेलं समीकरण आज जगभर शिकवतात. मेंटेन बाईंनी हे केलं त्या काळात बहुतेक विद्यापीठांत बायकांना प्रयोगशाळेचं दार मुश्किलीनेच उघडायचं.

---

रसशाळा

ते प्रकाश वळवणारं यंत्र म्हणजे पोलॅरिमीटर, आमच्या टेबलावर रोजच्या वापरात असतं! उसाचा ‘पोल’, म्हणजे त्यातल्या साखरेचं प्रमाण, आम्ही त्यावरच काढतो. बर्लिनच्या त्या प्रयोगाशी आमचं असं नातं आहे हे माहीत नव्हतं. उद्या लॅबमधल्या पोरांना सांगतो.

---

बारावी_बायो

मॅडम, एक शंका. आमच्या क्लासच्या नोट्समध्ये लिहिलंय की ‘एन्झाइम अभिक्रियेला ऊर्जा पुरवते.’ पण सक्रियण ऊर्जा कमी करते असंही लिहिलंय. दोन्ही कसं? आणि वेग एका पातळीला का थांबतो?

---

केतकीवन

पहिलं वाक्य खोडून टाक. एन्झाइम पदरची ऊर्जा घालत नाही. घातली असती तर ते स्वतः खर्ची पडलं असतं, आणि ते तर पहिल्यासारखंच बाहेर येतं.

दुसरं वाक्य बरोबर आहे. त्याचा अर्थ असा: संक्रमण अवस्थेला पोचायला लागणारी ऊर्जा म्हणजे सक्रियण ऊर्जा. खाचेतले भार, हायड्रोजन बंध त्या मधल्या रूपाशी जुळतात तेव्हा काही ऊर्जा सुटते. तीच त्या खर्चातून वजा होते. खर्च कमी, म्हणून साध्या तापमानालाही पुष्कळ रेणूंना तो झेपतो. एक हिशेब लक्षात ठेव. २५ अंशांना हा खर्च मोलमागे साधारण ५.७ किलोज्यूलने कमी झाला की वेग दहापट होतो. तेवढाच आणखी कमी झाला की शंभरपट. म्हणजे थोडेसे बंध नीट जुळले तरी वेगावर परिणाम प्रचंड होतो.

एन्झाइमचा रेणू इतका मोठा का, हा प्रश्न मुलं नेहमी विचारतात. काम करणारी अमिनो आम्लं दोन-चार, बाकीची शेकडो कशाला? त्या दोन-चारांना नेमक्या अंतरावर, नेमक्या कोनात धरून ठेवायला.

वेग थांबतो कारण एन्झाइमचे रेणू मोजकेच असतात. सगळ्या खाचा भरलेल्या असतील तर साखर आणखी ओतून उपयोग नाही.

---

औषधनिर्माता

धागाकर्तीने जो मुख्य मुद्दा मांडलाय त्याचा सर्वांत मोठा पुरावा आमच्या क्षेत्रात आहे. एन्झाइम खरंच मधल्या रूपाला सर्वांत घट्ट धरत असेल, तर त्या रूपासारखा दिसणारा पण न तुटणारा रेणू बनवला की तो खाचेत जाऊन बसला पाहिजे आणि निघता कामा नये. तसंच घडतं, आणि त्यावर औषधं उभी आहेत.

२००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली होती, आठवत असेल. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, तोंडाला बांधलेले रुमाल, आणि टॅमिफ्लू हे नाव घराघरात. त्यातलं औषध ओसेल्टामिव्हिर. फ्लूचा विषाणू पेशीतून बाहेर पडताना पेशीच्या पृष्ठभागावरच्या सियालिक आम्ल नावाच्या साखरेला अडकतो. सुटण्यासाठी तो न्यूरामिनिडेज या एन्झाइमने ती साखर कापतो. कापताना त्या साखरेचं कडं सपाट होतं आणि त्यावर धन भार येतो. केतकीवन यांनी फ्रुक्टोजबद्दल लिहिलंय तेच! ओसेल्टामिव्हिरचा रेणू मुळातच तसा सपाटसर कड्याचा बनवला आहे. एन्झाइमला वाटतं आपलं काम अर्ध्यावर आलंय, आणि ते त्याला धरून बसतं. विषाणू पेशीलाच चिकटून राहतो.

जाता जाता: हे औषध बनवायला लागणारं शिकिमिक आम्ल बराच काळ चक्रीफुलातून काढलं जायचं.

---

मावळतीकडे

अंगावर काटा आला वाचून. माझ्या घरी दोघांनी तेव्हा त्या गोळ्या घेतल्या होत्या. त्या काय करतात हे आज कळलं, पंधराएक वर्षांनी.

---

सातासमुद्रापार

४४० वर्षं ऐकून कोणाला फार वाटत असेल तर याच वोल्फेंडेन यांचं १९९५चं काम बघा. आरएनए-डीएनए बनवताना पेशीत एक पायरी येते, त्यात एका रेणूतून कार्बन डायऑक्साइड काढून टाकायचा असतो. एन्झाइमशिवाय ती अर्धी व्हायला ७ कोटी ८० लाख वर्षं. दख्खनच्या पठाराचा काळा कातळ लाव्हातून थिजला त्याला साडेसहा कोटी वर्षंच झाली आहेत! एन्झाइमने ते सेकंदाच्या पन्नासाव्या भागात होतं. वेग वाढतो एकावर सतरा शून्यं इतक्या पटींनी. आणि या एन्झाइमच्या खाचेत ना जस्त, ना लोह, ना कसलं जीवनसत्त्व. फक्त अमिनो आम्लं, नीट मांडलेली.

---

गिरीभ्रमण

जस्ताचा उल्लेख आला म्हणून. लडाखला जाताना डॉक्टरांनी उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी दिली होती. ती कार्बॉनिक अनहायड्रेज बंद पाडते असं पाकिटातल्या कागदावर होतं. बोटांना मुंग्या आल्या, आणि सोडा प्यायलो तर नुसतं पाणी लागावं तसा बेचव! मला वाटलं बाटलीच जुनी आहे. हे एन्झाइम बंद पाडूनही माणूस जिवंत कसा?

---

केतकीवन

कार्बॉनिक अनहायड्रेज म्हणजे वेगाच्या बाबतीत अव्वल. खाचेत जस्ताचा एक अणू, त्याला चिकटलेला पाण्याचा रेणू. जस्तामुळे त्या पाण्याचा प्रोटॉन सहज सुटतो आणि उरलेला ऋण भाग कार्बन डायऑक्साइडवर तुटून पडतो. बायकार्बोनेट तयार. एक रेणू हे सेकंदाला दहा लाखांच्या घरात वेळा करतो. तांबड्या पेशींत हे हवंच, कारण फुप्फुसाच्या केशवाहिनीतून रक्त जेमतेम पाऊण सेकंदात पुढे जातं. एन्झाइम नसेल तर तीच अभिक्रिया व्हायला कितीतरी सेकंद लागतात.

गोळीच्या नेहमीच्या मात्रेने ते सगळं बंद पडत नाही. तांबड्या पेशींत ते गरजेपेक्षा पुष्कळ जास्त असतं. मुख्य परिणाम मूत्रपिंडावर होतो. बायकार्बोनेट बाहेर टाकलं जातं, रक्त किंचित आम्लाकडे झुकतं आणि त्यामुळे श्वास खोल, जलद होतो. उंचीवर तेच हवं असतं. सोड्याचं म्हणाल तर त्याची झणझण जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींना याच एन्झाइममुळे कळते. बाटली ताजीच असणार.

---

नीरा_केंद्र

या धाग्यावर कमला सोहोनींचं नाव यायलाच हवं. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बाई म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी (पेशीच्या श्वसनात लागणारं प्रथिन) असतं हे त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखवलं. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर काम केलं, त्याला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. डाळी-कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला अडवणारे पदार्थ असतात, त्यांचाही अभ्यास केला. वाल, पावटे नीट शिजवूनच का खावेत याचं एक कारण तिथे आहे.

नीरेत मुख्यत्वे सुक्रोजच असते. मडक्याला आतून चुना लावतात तो ती आंबू नये म्हणून. नाहीतर यीस्ट येतं, इन्व्हर्टेजने साखर तोडतं आणि सूर्य वर येईतो नीरेची ताडी होते.

---

हिरवागार_आहार

मग आपण कच्चं अन्न जास्त खाल्लं तर त्यातली एन्झाइम्स मिळून पचन सुधारतं, हे खरं का? एन्झाइमच्या गोळ्यांच्या जाहिराती सारख्या दिसतात.

---

केतकीवन

कच्च्या भाज्या-फळं जरूर खा, पण या कारणासाठी नको. अन्नातलं एन्झाइम हे प्रथिनच असतं. जठरातलं आम्ल त्याची घडी उलगडतं आणि आपलीच पाचक एन्झाइमं त्याचे तुकडे करतात. काकडीचं एन्झाइम काकडीच्या कामासाठी असतं. स्वादुपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर मुद्दाम आवरण दिलेल्या कॅप्सूल देतात, दूध पचत नसेल तर लॅक्टेज मिळतं. ती खरी औषधं आहेत, नेमक्या कारणासाठी. बाकी जाहिरातींवर पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

---

फडकरी

ताई, शेवटचा प्रश्न. एन्झाइम दोन्ही दिशांचा वेग वाढवतं असं तुम्ही एका जुन्या धाग्यावर लिहिलं होतं. मग हेच इन्व्हर्टेज सुटं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडून परत साखर का करत नाही? तसं झालं तर शिळा ऊसही सुधारेल.

---

केतकीवन

दोन्ही दिशांचा वेग वाढवतं हे खरंच. पण शेवटी तोल कुठे जाऊन थांबायचा हे एन्झाइम ठरवत नाही, ते पदार्थांच्या ऊर्जेवर ठरतं. साखर तुटताना मोलमागे सुमारे २९ किलोज्यूल ऊर्जा सुटते आणि भोवती पाणीच पाणी असतं. म्हणून तोल जवळजवळ पूर्णपणे तुटण्याकडे झुकलेला. एन्झाइम असो वा नसो, तो तिथेच राहणार. फरक एवढाच की ४४० वर्षांच्या वाटेवरून जायचं की दोन दिवसांच्या.

मग पानात साखर बनते कशी? वेगळ्या वाटेने, वेगळ्या एन्झाइमने. पान आधी ऊर्जा खर्च करून ग्लुकोजला यूडीपी नावाचा एक गट जोडतं. असं भारलेलं ग्लुकोज फॉस्फेट लावलेल्या फ्रुक्टोजला दिलं जातं, आणि मग तो फॉस्फेट काढून टाकला की साखर तयार. अर्जेंटिनातले लुईस लेलोआर यांनी अशा साखर जोडलेल्या रेणूंचा शोध लावला, त्यासाठी त्यांना १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. शेवटचा फॉस्फेट काढला की परतीची वाट बंद होते, म्हणून पान साखर बनवत राहू शकतं. यासाठी लागणारी ऊर्जा उन्हातून येते. तोडलेल्या उसाचं पाचट निघालेलं, वाढं छाटलेलं, पानं गेलेली. तिथे तोडणारं एन्झाइम आहे आणि जोडायला लागणारी ऊर्जा पुरवणारं काहीच नाही. म्हणून ऊस लवकर गाळणं, एवढाच उपाय उरतो.